परमेश्वर सरांच्या शक्यता

आमच्या परमेश्वर सरांना "चहात साखर किती?" असं विचारण्याची चूक फक्त नवा माणूस करतो. सर वर बघतात, मनात काहीतरी मांडतात आणि सांगतात, "दोन चमचे, नाहीतर शून्य. एक होऊच शकत नाही." हट्ट्याच्या फाट्यावरचा टपरीवाला आता विचारतच नाही. तो त्याच्या मनाला येईल तेवढी टाकतो आणि सर तीही एक शक्यता म्हणून पिऊन घेतात.

मी त्यांच्याच ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. गणिताशी माझं दहावीतच फाटलं, त्यानंतर आम्ही एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. तरी सरांचा लाडका नियम मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या आणि त्यांच्या वर्गामधली भिंत वर पत्र्यापर्यंत पोचलेलीच नाही. अध्यक्षांनी बांधकाम मध्येच थांबवलं. ज्ञान एका वर्गातून दुसऱ्या वर्गात खेळतं राहावं म्हणून ते थांबवलं, असं ते दर पंधरा ऑगस्टला सांगतात.

नियम असा आहे. एखादी बहुपदी घ्यायची, म्हणजे क्ष चा घन, क्ष चा वर्ग, नुसता क्ष आणि शेवटी एक साधा आकडा, अशी ओळीनं निघालेली वरात. प्रत्येकाच्या पुढं अधिक नाहीतर उणे. क्ष ला जी किंमत दिल्यावर सगळ्यांची मिळून बेरीज शून्य होते, ती किंमत म्हणजे त्या बहुपदीचं शून्य. ते शोधून काढणं जिकिरीचं काम. पण न काढताही ती शून्यं कोणत्या प्रकारची असू शकतात ते सांगता येतं. डावीकडून उजवीकडं चिन्हं बघत जायचं. अधिकाचं उणे किंवा उण्याचं अधिक जितक्यांदा होईल तितकी धन शून्यं असू शकतात, किंवा त्याहून दोन कमी, किंवा चार कमी, असं दोन-दोननं उतरत. मग क्ष च्या जागी उणे क्ष घालून पुन्हा मोजायचं, म्हणजे ऋण शून्यांचा अंदाज येतो. धन आणि ऋण मिळून जी भरती होत नाही ती काल्पनिकांनी होते.

"आणि काल्पनिक," सर भिंतीपलीकडून ओरडतात, "कधीच एकटं येत नाही! जोडीनंच येतं. एकाचं अधिक तर दुसऱ्याचं उणे, बाकी तोंडावळा तोच! म्हणून चिन्हं दोनदा बदलली तर धन शून्यं दोन, नाहीतर एकही नाही. तीनदा बदलली तर तीन, नाहीतर एक. बदल विषम असले की किमान एक धन निघणारच. कुणाच्या बापाला चुकवता येणार नाही!"

हे 'किमान एक' म्हणताना त्यांचा आवाज पत्र्याला लागतो आणि माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडं बघून हसतात. हसण्याचं कारण त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. सर हे सगळं रिकाम्या बाकांना सांगत असतात. त्यांच्या वर्गात विद्यार्थी नाही.

म्हणजे कागदावर साठ आहेत. विज्ञान शाखेच्या जागा साठ, आणि साठच्या साठ भरलेल्या. पण हल्ली अकरावी-बारावीचं विज्ञान करायची रीत अशी आहे, की नाव खेड्यातल्या कॉलेजात ठेवायचं आणि पोरगं नांदेडला क्लासला बसवायचं. इथं हजेरी लागते, तिथं अभ्यास होतो, परीक्षेला पोरगं इथं येऊन पेपर देतं आणि निकाल लागला की त्याचा फोटो दोन्हीकडच्या फ्लेक्सवर झळकतो. सरांनी या पोरांना ऋण म्हटलं. खरी आहेत, पण शून्याच्या पलीकडच्या बाजूला.

तेवढ्यानं साठ भरत नव्हते. मग आमचा क्लार्क हनुमान कामाला लागला. हनुमान आळशी आहे, आणि आळशी माणसाची कल्पनाशक्ती काटकसरी असते. एका बापाचं नाव, एक गाव, एक पत्ता तयार करायला त्याला अर्धा दिवस लागे. मग एवढ्या कष्टात एकच विद्यार्थी काढणं त्याच्या जिवावर येई. तो भाऊ आणि बहीण अशी जोडी काढी. दोघं एकाच इयत्तेत कसे, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "जुळी हायेत." आमच्या कॉलेजात जितकी जुळी आहेत तितकी हिंगोली जिल्ह्याच्या साऱ्या दवाखान्यांत मिळून जन्मली नसतील.

हे जेव्हा परमेश्वर सरांच्या ध्यानात आलं तेव्हा दुसऱ्या कुणाला राग आला असता. त्यांना आनंद झाला. ते धावत माझ्या वर्गात आले. "जोडीनं! बघा, जोडीनंच! एक मुलगा, एक मुलगी. बाप तोच, गाव तेच. फक्त चिन्ह वेगळं. हनुमानला नियम माहीत नाही, तरी तो पाळतोय!" मी म्हटलं, सर, हा गुन्हा आहे. ते म्हणाले, "ती एक शक्यता आहे."

हा स्वभाव त्यांच्या घरचा. सरांचे वडील दगडोबा आयुष्यभर मेंढरांमागं फिरले. मेंढक्याला कळपाची संख्या विचारू नये आणि विचारली तर त्यानं सांगू नये, दृष्ट लागते. दगडोबांना कुणी विचारलं, "मेंढरं किती?" तर म्हणायचे, "असतील. पाचपंचवीस." जाणत्याला कळायचं की दीडशे आहेत. सर त्या घरात वाढले, अंदाजात बोलण्याच्या हवेत. पुढं गणित शिकले आणि त्यांना तिथं एक असा नियम भेटला, जो नक्की आकडा कधीच सांगत नाही. माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

सरांना पगार नव्हता, कारण विज्ञानाची तुकडी विनाअनुदानित होती. आमच्या संस्थेत परमेश्वर फुकट आणि हनुमान पगारी. तरी सर रोज वेळेवर यायचे, हजेरी घ्यायचे, प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचे, जणू पोरगं खिशातून पेन काढतंय. मग शिकवायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "कुणासाठी घसा फोडता?" त्यांनी फळा पुसता पुसता मागं न बघता उत्तर दिलं, "एक तरी येईल हो. मला एक पुरे." त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. समोर बसलेलं, ऐकणारं, चुकणारं एक पोरगं.

आणि मग तपासणी लागली. वीस टक्के अनुदान मिळणार होतं, पण अट एकच, साठ विद्यार्थी डोळ्यांनी दिसले पाहिजेत. नांदेडची पोरं यायला तयार झाली नाहीत, त्यांची टेस्ट होती. अध्यक्षांनी हनुमानला बोलावून सांगितलं, "बाकं भर. कशीबी भर."

हनुमान जवळच्या तांड्यावर गेला. तांड्याचे नायक पेमा यांना त्यानं सांगितलं की कॉलेजच्या भल्याचं काम आहे. नायकानं हो म्हटलं की तांडा हो म्हणतो, ही तिथली रीत. जोडीनं या, असं हनुमाननं दोनदा बजावलं होतं, कारण त्याच्याकडची नावं जोडीचीच होती. तपासणीच्या दिवशी तांड्यावरून जोडपी आली. नवराबायको. स्वतः पेमा नायक पांढऱ्या मिशांना पीळ देऊन पहिल्या बाकावर बसले, शेजारी आरशांची कांचळी ल्यालेल्या रूपाबाई. मागं माझ्या कला शाखेची पोरं. हनुमान बाकाबाकावर जाऊन प्रत्येकाला त्याचं त्या दिवसापुरतं नाव सांगू लागला.

"नायक, तुमी देवला. आन् बाई, तुमी पारुबाई. दोघं भाऊबहीण."

रूपाबाई उठून उभ्याच राहिल्या. "कोन भाऊ? ह्यो? चाळीस वर्सं झाली याच्या संग संसार करून राहिले, आन् आता ह्याला भाऊ म्हनू?"

"फक्त एक तास, बाई."

"एक तास भाऊ झाला तर रातच्याला कोन व्हईल?" वर्ग हसला. पेमा नायक मिशीत हसले. आमच्या कॉलेजात त्या दिवशी एकच माणूस खरं बोललं, आणि ती बाई विद्यार्थी नव्हती.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आलेच. चष्मा पुसत वर्गात शिरले, पहिल्या बाकाकडं बघून पुन्हा पुसला. रूपाबाईंना म्हणाले, "शेजारी बसलेल्या मुलाचं नाव काय?"

रूपाबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. आज भाऊ म्हणून दिलेलं खोटं नावही त्यांच्या तोंडातून निघेना. त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि लाजल्या. साहेबांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "ग्रामीण भागातली मुलगी आहे साहेब. बुजते."

मग साहेब परमेश्वर सरांकडं वळले. "सर, मला दुसरं काही नको. हे विद्यार्थी खरे आहेत का? हो की नाही?"

सरांना खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची त्यांना सवय नाही. ते फळ्याकडं गेले. एक बहुपदी लिहिली: क्ष वर्ग, उणे तीन क्ष, अधिक दोन. खाली दुसरी: क्ष वर्ग, उणे क्ष, अधिक एक.

"साहेब, दोन्हीकडं चिन्हं सारखीच. अधिक, उणे, अधिक. दोन बदल. म्हणजे धन शून्यं दोन, नाहीतर एकही नाही. पहिलीत खरोखर दोन आहेत. दुसरीत एकही नाही, दोन्ही काल्पनिक. पण बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. तो सोडवल्यावरच कळतो. आता आमचा हा वर्ग..." त्यांनी खडू खाली ठेवला. "सोडवायचा का?"

साहेब पटकन म्हणाले, "सोडवायला कुणी सांगितलं? शक्यता आहे ना?"

"शक्यता आहे."

"बस्स. आमच्या अहवालात तोच शब्द असतो." आणि त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, की पटसंख्या पूर्ण असण्याची शक्यता आढळून आली. मग सगळे वसमतला जेवायला गेले. पेमा नायक जाताना मला म्हणाले, "मास्तर, शिकवतो चांगला हो तुमचा सर. समजलं न्हाई, पर झोप न्हाई आली."

अनुदान मंजूर झालं. सरांना पहिला पगार झाला. त्यांनी पेढे वाटले आणि पुन्हा रिकाम्या वर्गात जाऊन उभे राहिले.

त्या उन्हाळ्यात ते बहिणीकडं गेले. सिंधूबाईंची मेंढरं तेव्हा सिद्धेश्वरच्या कालव्याच्या अंगाला बसली होती. त्यांची राजनंदिनी दहावी झालेली. पुढं काय, तर काही नाही. नांदेड परवडणारं नव्हतं आणि पोरगी मेंढरांमागं कामाची होती. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडं काही मागितलं: पोरगी आमच्या कॉलेजात पाठव. हे सगळं त्यांनीच मला नंतर शब्दाला शब्द सांगितलं.

"तिथं संगतीला पोरी हायेत का, दादा?" सिंधूबाईंनी विचारलं.

"शक्यता..."

"शक्यता नगं सांगू. हाये का न्हाई?"

"न्हाई."

"मंग माझी एकटी पोरगी काहून पाठवू?"

"कुणी न्हाई म्हणूनच पाठव," सर म्हणाले. भाचीनं ते ऐकलं आणि हातातली काठी बाजूला ठेवली.

जूनमध्ये मामा आणि भाची कॉलेजात आले. राजनंदिनीनं नवा ड्रेस घातला होता, केसांना तेल, हातात दहावीचा निकाल. त्या दिवशी अध्यक्षही ऑफिसात होते. हनुमाननं कॉम्प्युटरकडं बघून सांगितलं, "जागा फुल."

"कुणी भरल्या?" सरांनी विचारलं.

"मीच की."

सर हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. पण हनुमान हसत नव्हता. नवी अकरावी उघडली त्याच दिवशी त्यानं जोड्या बसवल्या होत्या. तपासणीत पास झालेली नावं गेल्या वर्षी नापास दाखवून त्यानं पुन्हा अकरावीतच ठेवली होती. नवीन नावं सुचवण्याचे कष्ट वाचले.

"मग एक काढ आणि हिला घे."

अध्यक्षांनी मान हलवली. "न्हाई जमत सर. ती तपासणी झालेली पोरं हायेत. साहेबानं डोळ्यांनी बघितलेली. ह्या पोरीची तपासणी कुठं झाली?"

"मी उभी हाये की इथं," राजनंदिनी म्हणाली.

"उभं राहणं हा काय पुरावा न्हाई, बाई."

मी तिथंच होतो, माझ्या पगारपत्रकाच्या झेरॉक्ससाठी. मला संताप आला, पण अध्यक्षांपुढं माझा संताप नेहमी मराठी व्याकरणासारखा असतो, सगळे नियम पाळणारा. मी सरांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काल्पनिकांना त्यांनीच फळ्यावर उभं केलं होतं, शक्यता आहे म्हणून. आणि आता त्या शक्यता बाकांवर बसल्या होत्या आणि दाराशी उभ्या असलेल्या खऱ्या पोरीला जागा नव्हती.

"एक काढता येणार नाही," सर हळू म्हणाले.

"तेच म्हणतोय मी," अध्यक्ष म्हणाले.

"जोडी काढावी लागेल. देवला आणि पारुबाई."

हनुमानचं तोंड एवढंसं झालं. "सर, दुसरी जोडी काढा. ती नगं."

"काहून?"

"माझा आजा आन् आजी हायेत." तो मान खाली घालून बोलला. "सुरुवातीला नावं सुचत नव्हती. मग त्यांचीच घातली. दोघांना भाऊबहीण केलं ते केलं, आता काढून बी टाकू?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "सर, साठाचे एकोणसाठ झाले तर अनुदान जाईल. अनुदान गेलं तर पगार जाईल. तुमचाच. जाईल का न्हाई, सांगा."

"जाण्याची शक्यता आहे," सर म्हणाले. मला वाटलं, झालं, माणूस पुन्हा आपल्या बिळात गेला. पण ते थांबले नाहीत. "पण देवला आणि पारुबाई इथं शिकत नाहीत, हे नक्की आहे."

नक्की. हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. अध्यक्षांनीही ऐकला नसावा, कारण ते खुर्चीत सरळ झाले.

"आणि अध्यक्षसाहेब," सर म्हणाले, "गेल्या खेपेला साहेबांनी सोडवू नका म्हटलं म्हणून मी सोडवलं नाही. पुढच्या खेपेला मी न विचारता सोडवीन. फळ्यावर. उत्तरासकट."

अध्यक्षांनी वर पंख्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "हनुमान, काढ रे तुझा आजा. म्हातारी माणसं अकरावीत बरी दिसत न्हाईत."

हनुमाननं डोक्यावरची टोपी काढली, कॉम्प्युटरला हात जोडले आणि दोनदा बटण दाबलं. मला म्हणाला, "मास्तर, बारावं पुन्हा घालावं लागंल. या जेवायला." थट्टा होती की खरं बोलत होता, ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी मात्र होतं. मग त्यानं राजनंदिनीचं नाव घातलं. नाव एका दमात घातलं. खऱ्या माणसाचा पत्ता शोधावा लागत नाही.

आता पटावर एकोणसाठ आहेत. अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी हनुमानला उरलेली एक जागा भरायला सांगितलं. तो दिवसभर बसला आणि संध्याकाळी त्यानं हात टेकले. जोडी कितीही काढून देतो म्हणाला, एकटं पोरगं त्याला जमत नाही. एकट्याला कुणाचा तोंडावळा द्यायचा, हेच सुचत नाही. जागा अजून रिकामी आहे, आणि अनुदानाचं काय होतं ते पुढच्या तपासणीला कळेल.

पहिल्या तासाला मी भिंतीअलीकडं होतो. पलीकडं सरांनी हजेरी सुरू केली. नाव, थोडं थांबणं, नाव, थोडं थांबणं. राजनंदिनीचं नाव सगळ्यात शेवटी होतं.

"राजनंदिनी."

"हजर, सर."

मग काहीच ऐकू येईना. खडूचा आवाज नाही, पावलांचा नाही. माझी पोरंही गप्प झाली. बऱ्याच वेळानं सरांचा आवाज आला, जरा फाटलेला. "राजनंदिनी?"

"हजर, सर. मघाशीच म्हनलं की."

त्या दिवशी त्यांनी चिन्हांचा नियम शिकवलाच नाही. बेरजेपासून सुरुवात केली. पोरगी दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा सर इतके खूश झाले की मला वाटलं, हिनं उत्तरं बरोबर दिली.

तास संपल्यावर आम्ही फाट्यावर गेलो. टपरीवाल्यानं नेहमीसारखं न विचारता साखरेच्या डब्यात चमचा घातला. सरांनी त्याचा हात धरला.

"एक," ते म्हणाले. "एकच टाक."